चौकटीचे पोपडे
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी दाराखिडक्यांच्या रंगावर बोलणार असे कळल्यावर पुष्कळजणी हसल्या. हा रंगाऱ्याचा विषय, बाईमाणसाने त्यात कशाला पडावे, असे कुणाला वाटेल. परंतु हा विषय खरे म्हणजे बालसंगोपनाचा आहे. मला ते उशिरा कळले. आपल्याला वेळेवर कळावे, एवढ्यासाठीच येथे उभी आहे.

आमचे घर पुण्याच्या पेठेतले, १९३२ साली बांधलेले. सागवानी चौकटी, गजांच्या खिडक्या आणि त्यांवर दर दोन-चार दिवाळ्यांनी चढलेले रंगाचे थर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर खिडक्यांचे पोपडे सुटलेले पाहून मी पत्ती आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतःच बसले. चार दिवस कोरडेच खरवडले, घासले, केरसुणीने झाडले. लाकूड नितळ दिसू लागल्यावर मला कोण अभिमान वाटला! त्याच खोलीत माझा अकरा महिन्यांचा नातू रांगत होता आणि बोटे तोंडात घालीत होता.

पुढे त्याच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी घराची चौकशी केली आणि रक्तातील शिसे तपासायला सांगितले. ते वाढलेले निघाले. घर वरचेवर ओल्या फडक्याने पुसून, त्याचे हात व खेळणी धूत राहून काही महिन्यांनी ते उतरले. त्या काळात सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. तिचे ते न बोलणेच मला अधिक लागले.

हे शिसे आले कोठून? जुन्या ऑइल पेंटमधून. पांढऱ्या रंगातला सफेदा पूर्वी पुष्कळदा शिशाचा असे. गजांना अस्तर म्हणून लावीत तो शेंदूरही शिशाचाच. वरचा रंग काल लावलेला असला, तरी खालचे थर आजोबांच्या वेळचे असतात. पोपडे चवीला गोडसर लागतात, म्हणून मुले ते पुन्हा तोंडात घालतात. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि अंगात लोह व चुना कमी असेल तर आणखीच. त्याने बुद्धीच्या वाढीला धोका पोहोचतो. गर्भवतीलाही ते बाधते. ‘एवढे चालेल’ असे त्याचे सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही.

म्हणून काम कसे करावे, ते ऐका.

पहिली गोष्ट, पोपडे का सुटले ते शोधावे. बहुधा कारण ओल असते. पागोळीचे पाणी चौकटीच्या पायथ्याशी मुरते. तेथे दाभण टोचून पाहावा. सहज आत गेला, तर लाकूड कुजले आहे, आधी सुताराला बोलवावे. पाऊस सरल्यावर लाकूड पुरते वाळू द्यावे. दिवाळीची घाई करू नये. दिवाळीनंतरचे कोरडे दिवसच उत्तम.

दुसरी गोष्ट, काम चालू असेपर्यंत मुले आणि गर्भवती यांनी दुसरीकडे राहावे. अंथरुणे, भांडी, धान्य बाहेर काढावे. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून कडा चिकटवाव्यात. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क बांधावा.

तिसरी आणि मुख्य गोष्ट: कोरडे कधीही घासू नये. पिचकारीने पाणी मारून तेवढाच भाग ओला करावा आणि जो रंग सुटला आहे तेवढाच खरवडावा. घट्ट बसलेला रंग राहू द्यावा, तो खालच्या शिशावरचे झाकणच आहे. कडा पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने ओल्यानेच मऊ कराव्यात. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळू नये, धूर विषारी असतो. घासायचे यंत्रही लावू नये. शेवटी कागद आतल्या बाजूला गुंडाळून बांधावा, केरसुणीला हात लावू नये. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे, आणि फरशी पुसावी. कपडे वेगळे धुवावेत.

मग रंगाची तयारी. दाराला हातांचे तेल आणि दिव्याची काजळी असते. ती साबणाने धुऊन काढावी. गुळगुळीत जुन्या रंगावर नवा रंग धरत नाही, म्हणून त्याची चकाकी ओल्या कागदाने मारावी. उघड्या लाकडाला आधी प्रायमर लावावा, मगच भेगांत लांबी भरावी. कोरे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि ती गळून पडते. लांबी वाळल्यावर घासून पुन्हा प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर तो सुरकुततो. दोन हातांत डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. दाराचे आधी फळे, मग आडवे आणि शेवटी उभे तुकडे रंगवावेत.

डबा घेताना वाचून घ्यावा. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास बंदी आहे आणि तसा उल्लेख डब्यावर असावा लागतो. कारखान्यातला उरलेला डबा कुणी फुकट दिला, तरी घरात आणू नये. तो नियम कारखान्याच्या रंगांना लागू नाही.

रंगारी बोलावलात, तरी पाण्याचा आग्रह आपणच धरावा. ‘बाई, वेळ जातो’ असे तो म्हणेल. त्याच्याही घरी मुले आहेत, आणि ती धूळ त्याच्या कपड्यांवरून तेथे जाते, हे त्याला समजावून सांगावे. माझ्या हातून जी चूक झाली, ती आपल्यापैकी कुणाच्या हातून होऊ नये. आणि घरात लहान मूल असून असे कोरडे काम होऊन गेले असेल, तर न लाजता डॉक्टरांना सांगावे.