मदरबोर्ड मेला असे केव्हा म्हणावे?



विषयपत्रिकेवर आमच्या व्याख्यानाचे नाव वाचून दोघातिघांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, की वसंतात इतिहास आणि वाङ्मय सोडून हे कारागिरीचे प्रकरण कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकेच, की ज्या चुकीविषयी आज बोलायचे ती आम्ही स्वतः केलेली आहे. आणि आपणांपैकी कित्येकांच्या माळ्यावर ‘मेला’ म्हणून ठेवून दिलेला एखादा संगणक असेल, तो खरोखर मेला आहे की नाही हे पाहण्याची रीत आम्हांस त्या चुकीनेच शिकवली.

गोष्ट २००६ सालच्या मे महिन्यातली. एका तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील पुस्तकांची यादी १९९८ साली घेतलेल्या एका संगणकावर होती. ग्रंथपाल अण्णांनी ती आठ वर्षे संध्याकाळचा वेळ काढून, एकेका बोटाने कळा दाबीत भरली होती. यंत्रातली डिस्क चार गीगाबाइटची. ती कुरकुरू लागली तेव्हा अण्णांनी आम्हांस बोलावणे पाठवले. नवा संगणक घ्यावा एवढे पैसे वाचनालयाजवळ नव्हते. नवी डिस्क तेवढी परवडण्यासारखी होती. बाजारात चाळीस गीगाबाइटहून लहान डिस्क मिळेना, म्हणून ती आणली, बसवली, आणि यंत्र सुरू केले. ते डिस्क ओळखण्याच्या ठिकाणी येऊन जे थांबले ते पुढे सरकेना.

हे का झाले हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संगणकाचे बटण दाबले, की प्रोसेसर जागा होतो. पण त्याच्याजवळ त्या क्षणी काहीच नसते. स्मरणकोठी रिकामी. डिस्कवर सगळा संसार आहे खरा, पण डिस्क वाचावी कशी हे सांगणारा कार्यक्रमही डिस्कवरच ठेवला तर काय उपयोग? लॅचचे दार ओढून घ्यावे आणि किल्ली आत राहावी, तशी ती गत. म्हणून मदरबोर्डावर एक लहानशी चिप बसवतात आणि पहिला कार्यक्रम तिच्यात कायमचा लिहून ठेवतात. त्यास बायॉस म्हणतात. प्रोसेसरास एवढेच जन्मजात ठाऊक असते, की जागे होताच एका ठराविक पत्त्यावर जावे आणि तेथे जे लिहिले असेल ते करू लागावे. हा पत्ता पत्त्यांच्या पट्टीच्या अगदी शेवटी, शेवटून सोळा घरे अलीकडे असतो. ही ‘शेवटची घरे’ आपण ध्यानात ठेवावी. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आमच्या यंत्रातला बायॉस अवॉर्ड या जातीचा, १९९८चा. १९९९च्या मध्यापूर्वीच्या अशा पुष्कळ बायॉसांस डिस्कवरील वर्तुळांची संख्या ६५,५३५च्या पुढे मोजता येत नसे. गुणाकार केला म्हणजे ही मर्यादा सुमारे ३३.८ गीगाबाइट येते. चाळीसची डिस्क समोर येताच बिचारा मोजता मोजता अडकून पडे. उपाय ठरलेला होता: बोर्ड करणाऱ्या कंपनीने काढलेला सुधारलेला बायॉस मिळवायचा आणि जुन्याच्या जागी लिहायचा.

आता ‘लिहायचा’ हा शब्द नवा आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला तेव्हा त्याच्या चिपांत ४० किलोबाइट मजकूर होता, त्यापैकी ८ किलोबाइट बायॉस. आणि तो ग्राहकास खोडता येत नसे. चूक निघाली तर चिपच बदलायची. मधल्या काळात काचेची खिडकी असलेल्या चिपा आल्या. अतिनील प्रकाशाखाली पाव-अर्धा तास ठेवल्या की त्यांतला मजकूर पुसला जाई. म्हणून त्या खिडकीवर नेहमी कागदाची चिकटपट्टी असे. पुढे जपानात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश नावाची स्मृती काढली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. ही विजेनेच पुसता येते, चिप जागची न हलवता. नव्वदीच्या दशकात बायॉस या चिपांत आला, आणि जे काम कारखान्यात होत असे ते घरच्या टेबलावर होऊ लागले. सोय झाली यात वाद नाही.

पण फ्लॅशचा एक स्वभाव आहे. तिच्यात एकाचा शून्य करता येतो, शून्याचा परत एक करता येत नाही. तो करायचा तर सबंध खंड एकदम पुसावा लागतो. पाटीवर अक्षर लिहिता यावे, पण एकच अक्षर खोडण्याची मुभा नसावी, सारी पाटी धुऊनच काढावी लागावी, तसे हे आहे. म्हणजे नवा बायॉस लिहिताना असा एक क्षण येणारच, की जुना पुसला गेला आहे आणि नवा अजून उमटलेला नाही. तेवढ्या क्षणापुरता संगणकास आपण कोण हे ठाऊक नसते. त्या वेळी वीज हवीच हवी.

आमच्याकडे वीज होती. यूपीएससुद्धा होता. पण पेटी उघडून काम करण्यासाठी आम्ही टेबल खिडकीशी ओढले होते, तेथपर्यंत यूपीएसची तार पोचेना, म्हणून संगणकाची पिन सरळ भिंतीत लावली. दहा-वीस सेकंदांचे तर काम, असे अण्णांस आम्हीच सांगितले. फ्लॉपीवरून लेखनाचा कार्यक्रम सुरू केला. ‘जुना बायॉस जपून ठेवू का?’ असे त्याने विचारले, त्यास हो म्हटले; त्या दिवशी आमच्या हातून घडलेले हे एकच शहाणपण. पडद्यावर पांढरे चौकोन एकामागून एक उमटू लागले. निम्मे झाले असतील, आणि विजेने नुसती पापणी लववली. छताचा पंखा थांबलासुद्धा नाही. पण संगणक थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि पडदा काळा राहिला.

अण्णा म्हणाले, “झालं का सर?”

त्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचेना.

पुढचे दोन तास आम्ही जे केले ते सांगण्यास संकोच वाटतो; पण सांगतो, कारण सगळे हेच करतात. स्मृतीच्या पट्ट्या काढून पुसल्या आणि परत बसवल्या. नाण्याएवढी बॅटरी काढली, नवी घातली. सेटिंग्ज पुसण्याचा जंपर या खुंटीवरून त्या खुंटीवर घातला. ह्या सगळ्याचा त्या रोगाशी संबंध नव्हता. ती बॅटरी सांभाळते ती घड्याळाची वेळ आणि मालकाने ठरवलेल्या चार-दोन आवडीनिवडी. बायॉस फ्लॅशमध्ये असतो, त्यास बॅटरी लागत नाही. वही हरवली असता दौत बदलण्यासारखा तो उद्योग होता. शिवाय दर खेपेस आम्ही यंत्र सुरू करीत होतो, चार सेकंद काळ्या पडद्याकडे पाहत होतो आणि चरफडत बंद करीत होतो.

दिवेलागणीला थकून आम्ही नुसते बसलो, आणि यंत्र बंद करायचे राहून गेले. तेव्हा अण्णांनी विचारले, “सर, हा फ्लॉपीचा दिवा का लागतो हो?”

दिवा खरोखर लागत होता. घरघर ऐकू येई, दिवा विझे, पुन्हा लागे. मेलेला बोर्ड फ्लॉपी कशी शोधील? ज्याने दिवा लावला तो कोणी तरी आत जिवंत असला पाहिजे.

तो कोण, हे आता सांगतो. बायॉस करणाऱ्यांस पाटी धुण्याच्या त्या क्षणाची धास्ती होतीच. म्हणून आमच्या त्या १२८ किलोबाइटच्या चिपेत अगदी शेवटी एक लहानसा तुकडा त्यांनी वेगळा राखला होता. त्यास बूट ब्लॉक म्हणतात. आपण मघाशी ध्यानात ठेवलेली शेवटची घरे ती हीच. प्रोसेसर जागा झाल्यावर प्रथम येथेच येतो. पुष्कळ बोर्डांवर नेहमीच्या लेखनात या तुकड्यास हात लावत नाहीत. याचे काम बेताचे: उरलेल्या मजकुराची बेरीज करायची आणि लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडायची. जुळली तर कारभार त्याच्या हाती सोपवायचा. जुळली नाही, तर फ्लॉपी शोधीत बसायचे. एवढ्याशा जागेत नव्या धर्तीच्या एजीपी कार्डास जागे करण्याची विद्या मावत नव्हती, म्हणून पडदा काळा. तो तुकडा दोन तास फ्लॉपी मागत होता, आणि फ्लॉपी आमच्या खिशात होती!

अशा वेळी आंधळेपणानेही काम करता येते. सुरू होताच आपोआप लेखनाचा कार्यक्रम चालवील अशी आज्ञा फ्लॉपीवर लिहून ठेवायची, ती आत सारायची आणि दिवा थांबेपर्यंत वाट पाहायची. पण एकदा हात पोळल्यावर न बघता चिमटा धरण्याचे धैर्य आम्हांस होईना. हा बूट ब्लॉक जुन्या आयएसए धर्तीचे कार्ड मात्र ओळखतो, हे आम्हांस ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. तेथील एका दुरुस्तीवाल्याने भंगाराचे खोके पुढे सरकवले आणि म्हटले, “शोधा साहेब, यातलं काही कामाचं निघालं तर मलाही सांगा.” तळाशी एक कार्ड निघाले. वीस रुपये पडले.

ते बसवल्यावर पडद्यावर अक्षरे आली: बायॉसची बेरीज चुकते आहे, फ्लॉपी घाला. बातमी वाईटच, पण रोग्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. फ्लॉपी घातली. या खेपेस टेबल यूपीएसजवळ होते. जपून ठेवलेला जुना बायॉस परत लिहिला, यंत्र बंद करून चालू केले, आणि एक आखूड शीळ आली. अण्णांनी तोवर खुर्ची सोडली नव्हती.

आणि आता सर्वांत लाजिरवाणा भाग. नवी डिस्क हाती घेऊन तिच्या पाठीवरचा कागद आम्ही तेव्हा प्रथमच नीट वाचला. त्यावर आकृतीसह छापले होते, की अमुक दोन खुंट्यांवर जंपर घातला असता ही डिस्क स्वतःस बत्तीस गीगाबाइटची म्हणून सांगेल. जुन्या बायॉसांसाठीच ती सोय होती. अण्णांची सारी यादी चार गीगाबाइटमध्ये राहत होती. वरची आठ गेली तर काय बिघडणार होते? जंपर घातला, डिस्क ओळखली गेली, यादी उतरवून घेतली. बायॉस बदलण्याचे कारणच मुळी नव्हते. जे यंत्र आपले काम करते आहे त्याचा बायॉस केवळ नवा निघाला म्हणून बदलू नये, असे आमचे त्या दिवसापासूनचे मत आहे. सुरक्षिततेची एखादी भगदाड बुजवायची असेल तर गोष्ट निराळी. ते काम अवश्य करावे, पण विजेची तजवीज करून आणि बोर्डावर छापलेला आवृत्तीचा आकडा ताडून. एका नावाच्या दोन आवृत्त्यांचे बायॉस कित्येकदा भिन्न असतात, आणि चुकीचा बायॉस बिनचूक लिहिला गेला तरी परिणाम तोच.

लेखन अडल्याचा निरोप आला, पण यंत्र अजून चालू आहे, असे झाले तर ते बंद करू नये. लेखनाचा कार्यक्रम त्या वेळी स्मृतीतून चालत असतो, चिपेतून नव्हे; पुन्हा लिहिण्याची संधी हातात असते. बटण दाबले की ती गेली.

बूट ब्लॉकही गेला तर? असे मुद्दाम घडवून आणणारा एक मनुष्य झाला आहे. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ साली सीआयएच नावाचा विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर उठला. डिस्कच्या आरंभीचा मजकूर त्याने उडवलाच, पण ज्या बोर्डांवर साधले तेथे फ्लॅशमधला बायॉसही बिघडवला. २६ एप्रिल हा चेर्नोबिलच्या अपघाताचा दिवस, म्हणून लोकांनी त्यास चेर्नोबिल असेही नाव दिले. पुसता येणारी पाटी कोणासही पुसता येते, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. एकाच बोर्डावर दोन चिपा बसवण्याची पद्धत गिगाबाइटसारख्या कंपनीने रूढ केली. एक बिघडली तर दुसरीवरून सुरू व्हायचे.

एकच चिप असून ती पुरती कोरी झाली, तर तिला बाहेरून लिहावे लागते. जुन्या चिपा खोबणीत बसवलेल्या असत, त्या उचलता येत. काही धाडसी लोक तशाच दुसऱ्या बोर्डावर यंत्र सुरू करून, चालू असतानाच चिप काढीत आणि मेलेली तेथे बसवून लिहीत. आम्ही हे एकदा पाहिले आहे, स्वतः केलेले नाही. अलीकडच्या बोर्डांवर आठ पायांची चिमुकली चिप असते, बहुधा डाखलेली. तिला चिमटा लावून, यूएसबीस जोडण्याच्या लहानशा प्रोग्रामरने लिहिता येते. सीएच३४१ए या नावाचा प्रोग्रामर काहीशे रुपयांत मिळतो, आणि फ्लॅशरॉम हा त्यासाठीचा कार्यक्रम फुकट आहे. दोन गोष्टी मात्र पाहाव्या. चिप ३.३ व्होल्टची की १.८ची हे तिच्यावरील क्रमांकावरून आधी ठरवावे, नाही तर बरा होणारा रोगी औषधाने जाईल. दुसरे, लिहिण्यापूर्वी चिपेतला बिघडलेला मजकूरच दोनदा वाचून घ्यावा, दोन्ही प्रती ताडाव्या आणि जपून ठेवाव्या. त्या बोर्डाचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता अशा गोष्टी पुष्कळदा त्यात असतात, आणि कंपनीच्या फाइलीत त्या मिळत नाहीत.

अण्णांच्या वाचनालयात तो संगणक पुढे पाच वर्षे चालला. २०११ साली नवा आला तेव्हाही जुना बंद पडलेला नव्हता. वीस रुपयांचे ते आयएसए कार्ड आमच्याजवळ राहिले. आजवर चार जणांनी ते मागून नेले, तिघांनी परत केले. चौथे गृहस्थ याच शहरातले आहेत आणि व्याख्यानांस नेमाने येतात. ते आज सभेत असतील, तर सभा संपल्यावर त्यांनी आम्हांस अवश्य भेटावे.