दावा पायथ्यापासून माथ्यापर्यंत
(सामूहिक वनहक्क दाव्याच्या बैठकीतलं भाषण)



आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं, शास्त्रज्ञ नाही. पण आपल्या भीमाशंकरच्या डोंगरात इतकी झाडं-जनावरं का, हे आज बोलायचं आहे. आपल्या दाव्याचा त्याच्याशी संबंध आहे.

खांडसहून घाट चढा. खाली साग, ऐन. उन्हाळ्यात पानं गळालेली. वर जांभूळ, अंजनी, पिसा, बारमाही हिरवे. का? हजार मीटर चढलं की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते. कोकणातून आलेले ढग कड्याला अडतात, तिथं पाऊस कोसळतो. मंचरला पोचेस्तोवर ढग रिकामे. त्यात सावलीची घळ ओली, उन्हातली उतरण कोरडी, सड्यावर बोटभर माती. सपाटीला कोसन्‌कोस चाललं तरी एवढा फरक मिळत नाही. जितक्या तऱ्हेच्या जागा, तितक्या तऱ्हेचे जीव. सड्यावर दवबिंदू किडे धरून जगतो, उतारावर कारवी 7 वर्षांनी फुलते, वरच्या गर्द झाडीत शेकरू घरटी बांधतं.

दुसरं कारण. ओल्या घळीतला बेडूक तापलेलं माळरान ओलांडून दुसऱ्या डोंगरात जात नाही. लाखो वर्षं वेगळा राहिला की त्याची जातच वेगळी होते. सह्याद्रीतले कितीतरी बेडूक जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. इथून गेले की कायमचे गेले.

हे अभयारण्य 1985 साली झालं. आपल्या देवराया त्याच्या कितीतरी आधीच्या. तिथं आजा-पणज्यांनी कोयता चालवला नाही. तरी आपल्यालाच विचारतात, तुम्ही जंगल राखाल काय?

2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा, त्याचा कारभार बघायचा हक्क ग्रामसभेला दिला. पण आपण नुसता खाचराचा दावा भरून गप्प बसतो. खाचर तर पाहिजेच. मग हिरडा, झरा, सडा, देवराई कुणाची? उन्हाळ्यात जनावर पाण्याला खाली येतं, पावसाळ्यात वर जातं. डोंगर मधेच तोडला तर ते जगणार कसं, अन्‌ आपण तरी कसं?

म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि हिरडा गोळा करणाऱ्या बायांना सोबत घ्या. प्रत्येक ओढा, घळ, सडा, देवराई नावानिशी लिहा. ग्रामसभेत ठराव करा. आणि वणवा लागला तर विझवायला आपणच पहिलं धावू. राखायची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे.

अर्धा डोंगर मागू नका. जोहार!