सांध्याजवळचा अस्थिभंग : हाड जुळले, हात जुळले का?

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त सिल्लोड येथे योजलेल्या आरोग्य व्याख्यानात एका अस्थिरोगतज्ज्ञाने केलेले भाषण)



जय जिनेंद्र म्हणताना आपण दोन्ही तळहात छातीशी जोडतो. ही कृती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे खांदा, कोपर आणि मनगट या तीन सांध्यांचे केवढे सहकार्य असते याचा आपण कधी विचारही करीत नाही. काही वर्षांपूर्वी मनगट मोडलेल्या एक वृद्ध श्राविका माझ्याकडे तपासणीस आल्या. उपचार अन्यत्र झाले होते. एक्स-रे पाहून मी समाधानाने म्हणालो, "आजी, हाड छान जुळलं आहे." त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हाड जुळलं, पण महाराजसाहेबांना वंदना करायला हात जुळत नाहीत." प्लास्टर काढल्यानंतर त्यांचे मनगट व बोटे आखडून गेली होती आणि व्यायाम करावयाचा असतो हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्यांच्या त्या एका वाक्यात सामावलेला आहे.

हाताचे हाड मध्यभागी मोडले आणि किंचित वाकडे जुळले, तरी पुष्कळदा हात काम देतो. सांध्याजवळच्या अस्थिभंगाचे तसे नाही. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तेथे तुकडा वर-खाली बसला, तर हालचाल अडते आणि पुढे झीज होते. शिवाय सांध्याभोवतीचे वेष्टन व स्नायू काही आठवडे स्थिर राहिले की आखडतात. म्हणजे मोडलेल्या हाडास विश्रांती हवी असते, तर त्याच्या शेजारच्या सांध्यास हालचाल हवी असते. हा पेच सोडविणे म्हणजेच आमचे शास्त्र. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन त्याची सूत्रे घालून दिली : तुकडे यथास्थान बसवावेत, ते पक्के धरून ठेवावेत, हाडाचा रक्तपुरवठा जपावा आणि सांधा लवकर हलवावा. ऑपरेशन केले म्हणजे हाड जुळले, असा एक समज आहे. वास्तविक हाड शरीरच जोडते. प्लेट किंवा तार तुकड्यांना केवळ धरून ठेवते, जेणेकरून तोवर सांधा हलविता यावा. सांधा हलविलाच नाही, तर त्या प्लेटचे निम्मे प्रयोजनच संपले.

आता तिन्ही सांध्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम खांदा. ओल्या फरशीवर पाय घसरून पडलेल्या वृद्ध माता-भगिनींमध्ये दंडाचे हाड खांद्याजवळ मोडते. वयोमानाने हाडे ठिसूळ झालेली असतात. यातील बहुसंख्य अस्थिभंग हात झोळीत ठेवून व दोन-तीन आठवड्यांनी व्यायाम सुरू करून बरे होतात. तुकडे सरकले असतील तर शस्त्रक्रिया श्रेयस्कर काय, हा प्रश्न इंग्लंडमधील संशोधकांनी २५० रुग्णांवर तपासला व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या अखेरीस शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांच्या हाताच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र दोन्ही गटांना व्यायामोपचार मिळाला होता, हे विसरता कामा नये. हाडासोबत खांदाही निखळला असेल किंवा जखमेतून हाड उघडे पडले असेल, तर गोष्ट निराळी. तेथे शस्त्रक्रिया टाळता येत नाही. तरुण रुग्णाच्या बाबतीतही निर्णयाचा तराजू वेगळा असतो. वृद्धांत हाडाच्या डोक्याचे अनेक तुकडे झाले असतील, तर कृत्रिम सांध्याचा पर्यायही आज उपलब्ध आहे.

दुसरा सांधा कोपर. हा तिघांत सर्वांत लवकर रुसणारा. प्रौढांमध्ये, विशेषतः दुचाकीच्या अपघातात, दंडाच्या हाडाचे खालचे टोक दुभंगते. येथे बहुधा दोन बाजूंनी दोन प्लेट बसवाव्या लागतात आणि जोडणी पक्की असेल तर काही दिवसांतच हालचाल सुरू करावी लागते. कोपर पूर्ववत सरळ होईल असे वचन कोणत्याही प्रामाणिक सर्जनने देऊ नये. परंतु निराश होण्याचेही कारण नाही. १९८१ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी दाखवून दिले की, नित्याच्या बहुतेक कामांना कोपर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकले तरी पुरते. घास तोंडापर्यंत जावा, केस विंचरता यावेत, लोटा धरता यावा, एवढे साधले तर तो उपचार यशस्वी मानावा.

मुलांच्या कोपराविषयी मात्र मला हात जोडून सांगावयाचे आहे. पाच-सात वर्षांचे मूल झाडावरून किंवा ओट्यावरून हातावर पडते आणि कोपराच्या वर हाड मोडते. तेथून हाताची मुख्य रक्तवाहिनी व नसा जातात. सूज वाढत असताना कोणी कामट्या लावून घट्ट बांधले, तर आतील रक्ताभिसरण थांबते आणि अवघ्या काही तासांत स्नायू मृत होऊ लागतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले. तीत बोटे कायमची पंज्यासारखी आत वळतात. अशी एक बालिका चौथ्या दिवशी माझ्यासमोर आणली गेली होती. हाड तर जुळविता आले असते. गेलेले स्नायू कोठून आणणार? बोटे थंड वा फिकट पडणे, बधिर होणे, बोट हळूच सरळ करताना मूल किंचाळणे, ही धोक्याची घंटा आहे. अशा वेळी पट्टी तत्काळ सैल करावी व त्याच रात्री रुग्णालय गाठावे. वेळेवर आलेल्या मुलास दोन-तीन तारांची लहानशी शस्त्रक्रिया पुरते. तीन-चार आठवड्यांत तारा निघतात आणि मूल खेळता खेळता आपोआप हात मोकळा करते. त्याचे कोपर बळाने ओढू नये आणि त्यावर मालीश तर मुळीच करू नये. मालिशीने स्नायूंत हाडासारखी गाठ धरून सांधा कायमचा अडू शकतो.

तिसरा सांधा मनगट. डब्लिनचे अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी, या अस्थिभंगाचे वर्णन केले. आजही पडताना हात टेकणाऱ्या व्यक्तीचे हेच हाड अधिक मोडते. येथे प्लास्टर, तारा आणि प्लेट असे तीन मार्ग आहेत. महाग तेच उत्तम, हा व्यापारातील ठोकताळा येथे चालत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४६१ रुग्णांच्या अभ्यासात, तारा व प्लेट यांच्या परिणामांत वर्षअखेर फरक दिसला नाही. २०२२ साली ५०० रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात हाड बसवून नुसते प्लास्टर घातलेल्यांचे मनगटही वर्षाने तारा घातलेल्यांइतकेच चालत होते. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे १३ टक्के रुग्णांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा सरकल्याने त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणूनच प्लास्टर घातल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सांगितलेल्या दिवशी एक्स-रे काढण्यास यावे. सांध्याच्या पृष्ठभागाचेच तुकडे झाले असून ते बाहेरून बसत नसतील, तर प्लेटची उपयुक्तता निर्विवाद आहे.

जखम मोठी असेल किंवा हाडाचा चुरा झाला असेल, तेव्हा त्वचेबाहेरून तारा व सळ्यांनी आधार देण्याची पद्धत वापरतात. ती अल्पखर्चात साध्य करणारी 'जेस' ही प्रणाली मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केली आणि यातील 'जे' हे अक्षर जोशी या आडनावाचेच आहे, याचा आपणा मराठीजनांस अभिमान वाटावा.

आता आपल्या आचारधर्माशी निगडित प्रश्न. रुग्ण मला संकोचाने विचारतात, "आमचा चौविहार आहे, औषध कसे घ्यावे?" हा संकोच नसावा. बहुतेक औषधांच्या वेळा नवकारसीनंतर व सूर्यास्तापूर्वी बसविता येतात, फक्त डॉक्टरांस आधी सांगावे. अनेक कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी मागता येते. ड जीवनसत्त्वाची पुष्कळ औषधे मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनतात, परंतु दगडफुलाच्या वर्गातून मिळविलेलेही उपलब्ध आहे. ब-१२ शाकाहारात दुधाखेरीज फारसे मिळत नाही, तेव्हा रक्ततपासणी करून घ्यावी. मूग, मठ, हरभऱ्याची डाळ, दूध, ताक, तीळ व नाचणी ही हाडाची शिदोरी आहे. अस्थिभंगानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अठाईसारखी दीर्घ तपस्या करावी किंवा कसे, हे गुरुभगवंतांच्या आज्ञेने ठरवावे. मी वैद्य म्हणून एवढेच निवेदन करीन की, त्या काळात शरीर हाड बांधण्याचे काम करीत असते आणि त्याला सामग्री लागते. विहारात पडलेले साधू-साध्वीजी वेदना सहन करून पुढे चालत राहतात. संघातील कार्यकर्त्यांनी अशा वेळी डॉक्टरांस उपाश्रयातच पाचारण करावे.

पडल्यावर काय करावे? बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हात आहे त्या स्थितीत जाड पुठ्ठ्याच्या आधाराने, फार घट्ट न करता ओढणीने बांधावा. जखम स्वच्छ कापडाने झाकावी. ओढणे, चोळणे, लेप लावणे टाळावे. शस्त्रक्रियेची शक्यता असल्यास काही खाऊ-पिऊ न घालता रुग्णालयात न्यावे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिल्लोडचा रुग्ण साठ-पासष्ट किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतो. कुटुंब धावते, नातलग पैसे उभे करतात. टाके निघाले की सारे निश्चिंत होतात. परंतु खरे काम तेथून पुढे असते. आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारासाठी शहरात जाणे शेतकऱ्यास परवडत नाही, वृद्धेस झेपत नाही आणि दुकान सोडून मुलास सोबत जाता येत नाही. दुसऱ्या महिन्यापासून फेऱ्या थांबतात. सहा महिन्यांनी एक्स-रे उत्तम असतो आणि कोपर नव्वद अंशांवर अडकलेले असते. हात गमावण्याचे हे ठिकाण शस्त्रक्रियागृहात नसून त्यानंतरच्या अंतरात आहे.

डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ साली पुण्यात सुरू केलेल्या रुग्णालयाचा पुढे विस्तार होताना तेथे अस्थिशस्त्रक्रियेच्या जोडीला फिजिओथेरपीचे महाविद्यालयही उभे राहिले. आपल्या समाजातील या पद्मविभूषण सर्जनच्या संस्थेपासून हाच बोध घेण्याजोगा आहे : शस्त्र आणि व्यायाम हे एकाच उपचाराचे दोन हात आहेत.

म्हणून सुवर्ण महोत्सवी वर्षात विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. ट्रस्टच्या वास्तूतील एक खोली यासाठी द्यावी. दोन बाके, छताला एक कप्पी व दोरी, भिंतीवर बोटांनी चढावयाची शिडी, मेणाचे पात्र, एक कोनमापक आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, एवढेच पुरे. ती सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी खुली असावी. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदान केवळ गोळ्या-बाटल्यांचे नसते. दुखणारा हात रोज थोडा अधिक उचलून देणारा माणूस उपलब्ध करणे, हेही औषधदानच आहे.

आणि रुग्णांना माझे सांगणे असे की, एका सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. दिवसातून चार वेळा बारा-बारा मिनिटे सांगितलेला व्यायाम केला, तर तेवढाच वेळ होतो. जो समाज रोज एक सामायिक निष्ठेने करतो, त्याला हा नियम जड जाऊ नये. प्रारंभी उल्लेखिलेल्या आजींनी तो पाळला. मनगट पूर्ण सुटले नाही, पण चार महिन्यांनी त्या निरोप घेण्यास आल्या तेव्हा दोन्ही तळहात जवळ आले होते, बोटांची टोके जुळली होती. त्यांना तेवढे पुरेसे होते, मलाही.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.