सूट किती, यापेक्षा चालेल किती?

‘६० टक्के सूट’ एवढंच वाचून टॅबलेट किंवा टू-इन-वन लॅपटॉप घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ही सूट बहुधा छापील किमतीवर मोजलेली असते, आणि त्या किमतीला वस्तू एरवीही क्वचितच विकली जाते. हिशोब मांडायचा तो यंत्र किती वर्षं नीट चालेल याचा. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. अनेक स्वस्त टू-इन-वन तेवढ्यावरच थांबतात. त्यातलं ईएमएमसी स्टोरेज मदरबोर्डवरच जोडलेलं असतं, ते बदलता येत नाही. मग अपडेट उतरवतानाच जागा संपते आणि मुलांचा प्रोजेक्ट सेव्ह होत नाही.

‘पण बजेटच तेवढं असेल तर?’ प्रश्न रास्त आहे. अशा वेळी ८ जीबी रॅम, एसएसडी आणि लेखी वॉरंटी असलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप बघावा. मात्र त्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो ना, हे आधी तपासावं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नुसतं वाचायचं, व्हिडिओ बघायचे, तर साधा अँड्रॉइड टॅबलेट पुरतो. टायपिंगही करायचं असेल, तर कीबोर्डची वेगळी किंमत धरूनच लॅपटॉपशी तुलना करा.