गुडघा, चिनी मालिश आणि गटाचं कर्ज



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशींनी बारा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर म्हणाल्या, "तालुक्याला चिनी मालिशवाले आलेत. पंधरा वेळा केलं की गुडघा नव्यासारखा होतो म्हणे." आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठ दिवस मागून घेतले, वाचलं, दवाखान्यात विचारलं. जे कळलं ते आज सांगतो.

या मालिशीला चीनमध्ये 'तुइना' म्हणतात. तुइ म्हणजे ढकलणं, ना म्हणजे पकडणं. ही विद्या फार जुनी. आजही तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या कॉलेजांत ती शिकवतात. आधी मांडीचे स्नायू तळहाताने रगडून सैल करतात. मग गुडघ्याच्या वाटीखालचे दोन खळगे अंगठ्याने हळू दाबतात. त्या खळग्यांना ते 'गुडघ्याचे डोळे' म्हणतात. बाहेरच्या डोळ्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या बाहेर एक बोट, तिथेही दाबतात.

याने आखडलेले स्नायू मोकळे होतात, थोडे दिवस बरं वाटतं. हे खोटं नाही. पण सांध्यातली झिजलेली कूर्चा कुठल्याही मालिशीने भरून येत नाही. गुडघा नवा होतो, हे म्हणणं खरं नाही.

चीनमधलीच दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. बीजिंगमध्ये साठीपुढच्या लोकांचे गुडघे तपासले होते. 2001 साली ते छापून आलं. तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघाली. पुढे असंही दिसलं, की तरुणपणी जे रोज तासन्‌तास उकिडवे बसले, त्यांच्यात झीज जास्त.

आता आपला दिवस आठवा. भांडी उकिडवं, धुणं उकिडवं, खुरपणी उकिडवं, संडासही उकिडवं!

म्हणून घासायला-धुवायला ओटा किंवा उंच स्टूल घ्या. रोज खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. मालिश करायचीच तर घरीच, तेल लावून, सोसेल इतकीच.

पण गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल, ताप असेल, पडून मार लागला असेल, तर हात लावू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तरीही मालिश नको. आधी डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं ऐकून मावशींनीच बारा हजारांचा अर्ज मागे घेतला. त्याऐवजी दोन हजार घेतले आणि संडासात ठेवायची खुर्ची आणली. दुखणं गेलं नाही. पण परवा म्हणाल्या, "आता उठताना सुनेला हाक मारावी लागत नाही."

तुमच्या गटात गुडघ्यासाठी कुणी कर्ज मागितलं, तर तिला आधी विचारा, "बाई, दिवसभरात उकिडवी किती वेळ बसतेस?"