महिन्याची तोंडमिळवणी



अर्थशास्त्रावर व्याख्यान आहे असे कळले की श्रोते जरा सावध होतात. आता आकडे येणार, अशी धास्ती त्यांना वाटते. आकडे मीही सांगणार आहे. परंतु ते आपल्या घरच्या वहीतले आहेत, म्हणून भिण्याचे कारण नाही.

जमाखर्चाची तोंडमिळवणी हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. महिनाअखेर जमा आणि खर्च यांची तोंडे मिळाली म्हणजे गृहिणी सुटकेचा निःश्वास टाकते. ती का मिळत नाहीत असे विचारले, तर आपण दोनपैकी एक उत्तर देतो: प्राप्ती अपुरी आहे, किंवा खर्चाला धरबंध नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी खरी आहेत. तथापि एक तिसरे कारण आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पैसा येण्याची वेळ एक आणि पैसा लागण्याची वेळ दुसरी, हे ते कारण होय. या दोन वेळांमधले अंतर ज्याच्या गाठीला काही आहे तो सहज ओलांडतो. ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला त्याचे मोल मोजावे लागते. ते मोल किती असते, हेच मला आज सांगावयाचे आहे.

दोन घरे डोळ्यांसमोर आणा. एक कारकुनाचे. त्याला दरमहा २०,००० रुपये मिळतात. वर्षाचे २,४०,००० झाले. दुसरे घर इमारतींना रंग देणाऱ्या रंगाऱ्याचे. पावसाळ्याचे चार महिने त्याला काम नसते. उरलेल्या आठ महिन्यांत तो दरमहा ३०,००० मिळवतो. त्याचेही वर्षाचे २,४०,०००च झाले. दोन्ही घरांचा महिन्याचा खर्च २०,००० धरू. शिरगणती करणारा या दोन्ही कुटुंबांना एकाच रकान्यात घालील. आपणही म्हणू, रंगाऱ्याने चांगल्या दिवसांत दरमहा १०,००० बाजूला टाकावेत, म्हणजे पावसाळ्यासाठी ८०,००० आपोआप जमतील. हिशेब बिनचूक आहे.

परंतु हा रंगारी मे महिन्याच्या अखेरीस नवाच शहरात आला आहे आणि जून उजाडताना त्याचा हात रिकामा आहे, असे समजा. जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. वह्या, पुस्तके, गणवेश, छत्र्या, सारे एकदम दारात उभे राहते. तो दरमहा शेकडा पाच व्याजाने पैसे काढतो. जून ते सप्टेंबर, प्रत्येक महिन्याच्या आरंभी २०,०००. सप्टेंबरअखेर मुद्दल ८०,००० आणि सरळ व्याज १०,००० असे मिळून ९०,००० देणे होते. हे देणे तो पुढच्या आठ महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडू लागतो. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असते. ते आठ महिन्यांत २०,२५० होते. म्हणजे एका पावसाळ्याचे व्याज एकूण ३०,२५० रुपये. आठ महिन्यांच्या कमाईतून देणे वजा जाता त्याच्या हाती महिन्याकाठी सुमारे १६,२०० उरतात, आणि खर्च तर २०,००० आहे! पुढचा जून येईल तेव्हा त्याचा हात पुन्हा रिकामाच असेल. किंबहुना त्यावर नवे कर्ज चढलेले असेल.

या हिशेबात रंगाऱ्याने कोणतीही उधळपट्टी केलेली नाही. त्याची प्राप्ती कारकुनाएवढीच आहे. फरक इतकाच की पहिल्या जूनला त्याच्यापाशी ८०,००० नव्हते. प्राप्ती आणि संपत्ती यांतला भेद पुस्तकात एका वाक्यात सांगून टाकतात. पण व्यवहारात तो असा भेटतो. थोडी शिल्लक असलेल्या माणसाला तीच प्राप्ती पुरते, आणि शिल्लक नसलेल्याची प्राप्ती व्याजच खाऊन टाकते.

शेकडा पाच हा दर मी फुगवून घेतला असे कोणी म्हणेल. तर मग ही माहिती पाहावी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेन्नईच्या फळे-भाजी विकणाऱ्यांचा हिशेब दिला आहे. ते सकाळी घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधार घेत आणि रात्री पैसे चुकते करीत. त्यावर पडणारे व्याज सरासरी दिवसाला शेकडा ४.६९ होते. महिन्याला नव्हे, दिवसाला! हजार रुपयांचा माल घेणाऱ्याला एका दिवसाच्या उधारीपायी सुमारे ४७ रुपये जादा द्यावे लागत. असा व्यवहार बावीस दिवस झाला की व्याजातच हजार रुपये जातात. म्हणजे तेवढ्यात स्वतःचे भांडवल उभे राहिले असते.

आपल्या प्रांताला हा धडा नवा नाही. पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ साली झाला. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता; ते त्यांनी हिसकावून जाळले. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव चढले होते आणि कर्ज सढळपणे मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले. सारा मात्र सरकारने ठरविलेल्या तारखेला आणि रोखीनेच भरावा लागे. पीक आपल्या वेळेला येई आणि सरकार आपल्या वेळेला. या दोहोंमध्ये सावकार उभा होता. दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येऊ नये हा नियम, आपल्या धर्मशास्त्रात होता. परंतु जुन्या देण्याचा नवा रोखा लिहून घेतला की कालचे व्याज आजचे मुद्दल होई. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागचा मूळ हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार दिला, तो यासाठीच.

आता यावर उपाय काय? काटकसरीचा उपदेश मी टाळणार नाही. परंतु त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. पूर्वी पोटाला चिमटा घेऊन अडचणीचे दिवस काढीत. सरकारी पाहणीप्रमाणे १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा शेकडा ५९ होता; २०२२-२३ साली तो सुमारे ४६ वर आला. शहरी कुटुंबांत तो ४८ वरून ३९ वर आला. ही प्रगतीच म्हणावयाची. पण याचा दुसरा अर्थ असा की घरभाडे, शुल्क, वीज, प्रवास, औषधपाणी यांचा वाटा वाढला. भाकरी अर्धी करता येते. घरभाडे अर्धे करता येत नाही, आणि त्याची तारीखही पुढे ढकलता येत नाही.

लोकांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे भिशी. दहाजणी दरमहा हजार रुपये काढतात आणि चिठ्ठी निघेल तिला दहा हजार मिळतात. दहाजणींची मिळून प्राप्ती एका पैनेही वाढत नाही. तरीही प्रत्येकीला, दहाव्या महिन्यापर्यंत थांबून जी रक्कम एरवी हाती आली असती, ती नऊजणींना त्याआधीच मिळते. येथे पैशाचा नव्हे, वेळेचा प्रश्न सुटतो. अर्थात आजारपण काही चिठ्ठी पाहून येत नाही, आणि एकीने हप्ता बुडविला तर दाद मागण्याची सोय बहुधा नसते. दुसरा उपाय उडुपीच्या एका बँकेने १९२८ साली काढला. तिचा माणूस रोज दारी येऊन दोन आण्यांपासून ठेव नेई. तीच आपली पिग्मी. जो रोज कमावतो त्याने रोज साठवावे, ही त्यातली साधी दृष्टी. ज्याची कमाई ज्या वेळेला, त्याची बचत आणि त्याचा हप्ता त्याच वेळेला, हे तत्त्व सहकारी पतसंस्थांनी आणि बँकांनी मनावर घेतले, तर रंगाऱ्याचा पावसाळा पुष्कळ सुसह्य होईल.

कोणी म्हणतील, हे लोक लग्नकार्यात पैसा उडवितात, त्याचे काय? उडवितात, हे खरे. आपणही उडवितो. फरक एवढाच की आपले कार्य भविष्यनिर्वाह निधीतून किंवा बँकेच्या कर्जातून पार पडते, आणि त्यांचे शेकडा पाचाने.

शेवटची गोष्ट आपल्याविषयी आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांत पगार देण्याचे बंधन घातले. लहान उद्योगांचे बिल फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे, असे २००६ च्या कायद्याने सांगितले. उशीर हीसुद्धा एक प्रकारची वजावट आहे, हे या कायद्यांनी ओळखले. पण आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंसाठी, कपाट दुरुस्त करून गेलेल्या सुतारासाठी, सणाचे कपडे शिवून देणाऱ्या शिंप्यासाठी सात तारखेचा शिपाई दारात उभा राहत नाही. "सुटे नाहीत हो, पुढच्या आठवड्यात या," असे आपण सहज म्हणतो. त्यात आपला वाईट हेतू नसतो. आपल्याला तो आठवडा जाणवतही नाही. कारण आपल्यापाशी शिल्लक आहे. ज्याच्यापाशी ती नाही, तो आपला आठवडा व्याजाने विकत घेतो.

दारिद्र्याचा सारा प्रश्न एवढ्याने सुटेल असा माझा मुळीच दावा नाही. अपुरी प्राप्ती वेळेवर मिळाली तरी अपुरीच राहते. तथापि आज घरी गेल्यावर आपण कोणाकोणाचे देणे आहोत हे आठवून उद्या सकाळी ते देऊन टाकले, तर गावातल्या काही घरांत या महिन्याची तोंडमिळवणी होईल. त्याला ना कमिशन लागते, ना योजना.