भांडवलदाराच्या दृष्टीनें कळमेश्वर

परक्या देशांत पैसा गुंतविण्यापूर्वीं भांडवलदार तेथील राज्यव्यवस्था, दळणवळण, कच्चा माल आणि बाजारपेठ ह्या चार गोष्टी पारखून पाहतो. हीच कसोटी एखाद्या लहानशा तालुक्यासहि लावितां येते. नागपूरच्या पश्चिमेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेलें कळमेश्वर ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

प्रथम राज्यव्यवस्था. १८५४ मध्यें नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनलें. १९५६ मध्यें हा मुलूख मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. लोकसंख्येच्या प्रमाणांत विकासाचा खर्च व्हावा, असें १९५३ च्या नागपूर करारांत ठरलें होतें. त्या समतोलासाठीं १९९४ मध्यें स्थापन झालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. तात्पर्य, राज्य स्थिर आहे. पण महत्त्वाचे निर्णय दूर मुंबईंत होतात, हें हिशेबांत धरिलें पाहिजे.

दुसरी गोष्ट दळणवळणाची. दिल्ली व चेन्नई ह्यांना जोडणारा लोहमार्ग कळमेश्वरावरून जातो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्णपणें खुला झाला. तथापि समुद्र दूरच आहे. वजनानें जड व मोलानें हलका माल इतक्या लांब पाठविणें परवडत नाहीं. प्रक्रिया करून त्याचें मोल वाढविलें, तरच वाहतुकीचा खर्च निघतो.

कच्च्या मालाकडे पाहिलें म्हणजे एक विसंगति दिसते. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस हाताशीं होता म्हणून. ती गिरणी २००२ मध्यें कायमची बंद झाली. आज कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतींत पोलादी पत्र्यांवर जस्ताचा व रंगाचा लेप चढविला जातो आणि औषधेंहि तयार होतात. ह्या पत्र्यांचें पोलाद बाहेरून येतें; उलट भोंवतालच्या शिवारांतील संत्रीं बव्हंशीं ताजीं फळें म्हणूनच बाहेर जातात.

येथेंच बाजारपेठेचा प्रश्न उभा राहतो. बांगलादेश हें नागपुरी संत्र्यांचें मोठें गिऱ्हाईक. त्या देशानें आयातकर वाढवितांच येथील बागाईतदाराचा भाव कोसळतो. फळ नाशवंत असल्यामुळें त्याला थांबतां येत नाहीं आणि वर्षाची मिळकत थोड्या दिवसांत बुडते. रस काढावा, तर लिमोनिन नांवाच्या द्रव्यामुळें तो कांहीं वेळानें कडवट होतो. म्हणून केवळ यंत्र आणून भागत नाहीं. कडवटपणा घालविण्याची विद्या, शीतगृह आणि शेतकऱ्यांशीं भावाचा आगाऊ करार, हीं तीनहि अंगें लागतात.

भांडवलदार तालुक्याची परीक्षा करितो, तें योग्यच होय. पण तालुक्यानेंहि भांडवलाची परीक्षा करावी : येथील कोणता माल तें विकत घेणार, किती हातांना बारमाही काम देणार आणि पाणी किती उपसणार? ह्या प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें देणारा कारखाना लहान असला तरी गांवाला मोठाच ठरेल.